जपाचं अर्धंच सूत्र

दर वर्षी २१ जूनला वर्तमानपत्रांची पानं योगासनांच्या फोटोंनी भरलेली असतात. जवळपास त्याच दिवसांत देहू-आळंदीहून निघालेल्या पालख्या पंढरीच्या वाटेवर असतात. २०२५ साली तर २१ जूनला ज्ञानोबा-तुकोबांच्या दोन्ही पालख्या पुण्यातच मुक्कामाला होत्या. एकीकडे मैदानांवर ताडासन आणि भुजंगासन, दुसरीकडे त्याच शहरात 'ज्ञानोबा माउली तुकाराम'चा गजर. पहिल्याला आपण योग म्हणतो, दुसऱ्याला भक्ती. या दोहोंचा काही संबंध असेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही.

पतंजलींची योगसूत्रं उघडली की मात्र चित्र बदलतं. एकूण सूत्रं १९५ (काही प्रतींत १९६). त्यांत आसनाची सूत्रं फक्त तीन, दुसऱ्या पादातली (म्हणजे प्रकरणातली) ४६ ते ४८. आणि आसनाचं नावही निघण्याआधी, पहिल्याच पादात, जप येऊन गेलेला असतो. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगताना 'यज्ञांमध्ये मी जपयज्ञ' असं म्हणतात. म्हणजे माळ ओढत बसलेली आजी योगच करत असते. तिला कुणी तसं सांगितलेलं नसतं, इतकंच.

तरीही प्रश्न उरतोच. तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणून माणसात काय बदलतं? शिकलेली मुलं हा प्रश्न घरात विचारतात तेव्हा बहुतेक वेळा 'श्रद्धा ठेव' किंवा 'व्हायब्रेशन्स असतात' यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्याहून बरं उत्तर देता येतं, आणि ते द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी दोन-चार शब्द

मंत्र म्हणजे ठरलेल्या अक्षरांचा आणि ठरलेल्या क्रमाचा, परंपरेने मननासाठी दिलेला शब्द किंवा शब्दसमूह. जप म्हणजे त्याची आवृत्ती. जप मोठ्याने केला तर वाचिक. ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू जात नाही तो उपांशु. जीभही हलत नाही तो मानस. मनुस्मृतीत उपांशु जप शंभरपट आणि मानस जप हजारपट श्रेष्ठ सांगितला आहे. हे आकडे तराजूवर तोललेले नाहीत, गौरवाचे आहेत. पण त्यातला क्रम अनुभवाशी जुळतो. मनातल्या मनात जप करणं सगळ्यांत अवघड, कारण तिथे मन निसटलं तर ते दाखवून द्यायला आवाजही नसतो आणि ओठही नसतात.

मंत्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार धरता येतात. गायत्रीसारखे वैदिक मंत्र (ती ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात आहे), 'ह्रीं', 'श्रीं' असे एकाक्षरी बीजमंत्र, आणि 'राम कृष्ण हरी', 'ॐ नमः शिवाय', 'श्रीराम जय राम जय जय राम' असे नाममंत्र. जैनांचा णमोकार, सूफींचा जिक्र, शिखांचं नामसिमरन, कॅथलिक मंडळींची रोझरी हे सगळं याच घराण्यातलं. पुढे जे सांगायचं आहे त्यातलं बरंचसं त्यांनाही लागू पडतं.

पतंजली नेमकं काय म्हणतात

पहिल्या पादातली २७ ते २९ ही तीन सूत्रं एका श्वासात वाचायची आहेत. ईश्वराचा वाचक प्रणव, म्हणजे ॐ, हे पहिलं. दुसरं 'तज्जपस्तदर्थभावनम्', म्हणजे त्याचा जप आणि त्याच्या अर्थाची भावना. तिसऱ्यात फळ सांगितलं आहे: त्यामुळे जाणीव आत वळते आणि अंतराय, म्हणजे वाटेतले अडथळे, नाहीसे होतात.

दुसऱ्या सूत्राला दोन पाय आहेत. एक आवृत्तीचा, दुसरा अर्थभावनेचा. आपल्याकडे जपाबद्दल जो गोंधळ आहे त्याचं मूळ मला इथे दिसतं. मंत्राची सगळी ताकद ध्वनीत आहे असं मानणारे आणि जप म्हणजे निव्वळ श्वासाचा व्यायाम असं म्हणणारे, दोघेही पहिल्याच पायावर उभे असतात. दुसरा पाय दोघांनीही जमिनीला टेकवलेलाच नसतो.

ते अडथळे कोणते, हेही पतंजली लगेच सांगतात. नऊ आहेत. आजारपण, मनाचा जडपणा, संशय, हयगय, आळस, विषयांची न सुटणारी ओढ, चुकीचं तेच खरं वाटणं, पुढची पायरी न सापडणं आणि सापडली तरी तिथे न टिकणं. कुठलीही गोष्ट वर्षभर नेमाने करायचा ज्याने प्रयत्न केला आहे, मग ते गाणं असो, कुस्ती असो की अभ्यास, त्याला ही यादी स्वतःच्या रोजनिशीतून उतरवल्यासारखी वाटेल. त्यातले शेवटचे दोन मला विशेष मोलाचे वाटतात. खूप दिवस काहीच हाती लागत नाही आणि एखाद्या दिवशी लागलेलं दुसऱ्या दिवशी निसटतं, या दोन्ही गोष्टी आपल्या एकट्याच्या नालायकीच्या खुणा नाहीत. त्या वाटेवरच्या ठरलेल्या चढणी आहेत. नवख्या साधकाला एवढं कळलं तरी तो अर्ध्यावर सोडून जात नाही.

त्यापुढच्या सूत्रात या अडथळ्यांचे सोबती येतात: दुःख, मनाची उद्विग्नता, अंगाची चुळबुळ, आणि चौथा सोबती श्वास-प्रश्वास, म्हणजे आपल्या ताब्यात नसलेला श्वास. मन विस्कटलं की श्वास विस्कटतो, असा सरळ अर्थ. हे सूत्र लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागणार आहे.

आवृत्ती मनाला काय करते

विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला गावाकडे सुका भोपळा बांधत. भोपळा पोरासाठी पोहत नाही. तो फक्त बुडू देत नाही. हातपाय पोरालाच मारावे लागतात आणि नाकातोंडात पाणी जायचं ते जातंच. मंत्राचं काम हे असं आहे. तो विचार बंद पाडत नाही. विचारांत बुडालेल्या मनाला वर यायला एक ठरलेली जागा देतो.

माळेवर बसलेल्या माणसाचं एक मिनिट जवळून पाहू. माळ मधल्या बोटावर, अंगठा मणी ओढतो आहे, तर्जनी बाजूला ठेवलेली. राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी. दहा-बारा मणी ठीक जातात. मग दुधाचं बिल आठवतं. ओठ चालूच असतात, मणीही सरकत असतात, पण मन बिलावरून दूधवाल्यावर, दूधवाल्यावरून सोसायटीच्या बैठकीवर आणि तिथून परवा कुणी काय बोललं त्यावर पोचलेलं असतं. मनातल्या मनात त्या माणसाला चोख उत्तरही देऊन होतं. इतक्यात अंगठ्याला जाड मणी लागतो. मेरुमणी. तो ओलांडायचा नसतो, माळ उलटी फिरवायची असते. ती फिरवताना हात क्षणभर थांबतो आणि आपण कुठे होतो हे लक्षात येतं.

मेरू न ओलांडण्याचं पुण्य-पाप बाजूला ठेवलं तरी ही योजना किती शहाणी आहे पाहा. १०८ मण्यांनंतर एकदा तरी जाग येणारच, अशी ती व्यवस्था आहे. आणि जाग आल्यावर चिडचिड न करता पुन्हा पहिल्या मण्यावर येणं, हाच साधनेचा खरा व्यायाम. ज्याचं मन शंभरदा भटकलं आणि शंभरदा परत आलं त्याची बैठक वाया गेलेली नाही. उलट त्याच्याकडून शंभर वेळा तालीम झाली.

समूहाच्या जपात हे काम ताल करतो. संध्याकाळी देवळात हरिपाठ उभा राहतो तेव्हा समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकाच्या हातात टाळ, मधे मृदंग, आणि पायांची पावली. एकाने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी धरायचा. पाय, हात, कान आणि गळा चौघांनाही काम असल्यामुळे मनाला पळायला फट कमी राहते. एकट्याने बसून मन लागत नाही अशी तक्रार करणाऱ्याला मी आधी हरिपाठाला जाऊन उभं राहायला सांगेन.

प्रयोगशाळेत काय दिसलं

इटलीतल्या पाविया विद्यापीठातल्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००१ च्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली 'आवे मारिया' ही रोझरीची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. स्वस्थ बसलेला माणूस एरवी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. शरीरात रक्तदाब सांभाळणारी एक प्रतिक्षिप्त क्रिया असते: दाब चढला की हृदयाची गती आपोआप उतरते, दाब उतरला की ती चढते. सहाच्या लयीत ही क्रिया अधिक तत्पर झाल्याचं त्यांना आढळलं. कुणीही 'श्वास हळू घ्या' असं सांगितलेलं नव्हतं. ओळीच्या लांबीनेच श्वासाची लांबी ठरली.

आता ते श्वास-प्रश्वासाचं सूत्र आठवा. विस्कटलेला श्वास हा विस्कटलेल्या चित्ताचा सोबती, आणि त्यावर सांगितलेल्या उपायांत पहिला जपाचा. मंत्र आणि श्वास यांचं नातं साधकांना यंत्रांच्या कितीतरी आधी माहीत होतं.

बंगळूरच्या निमहान्स संस्थेत १२ जणांवर झालेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला छोटा अभ्यास ॐकाराचा आहे. मोठ्याने ॐ म्हणताना मेंदूच्या भावनांशी संबंधित भागांतली हालचाल उतरलेली दिसली. नुसतं 'स्स्स' असा लांब आवाज काढताना ती तशी उतरली नाही. २०१५ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी ध्यानाचा काहीच सराव नसलेल्या २३ जणांना 'एहाद' (हिब्रूत 'एक') हा शब्द मनात म्हणत राहायला सांगितलं. मेंदूच्या बऱ्याच भागांतली धावपळ कमी झाली, आणि ती विशेषेकरून त्या जाळ्यात जे मन इकडेतिकडे भटकत असताना जागं असतं.

हे अभ्यास छोटे आहेत. बारा किंवा तेवीस माणसांवरून साऱ्या जगाबद्दल बोलता येत नाही. शिवाय यंत्र श्वास मोजतं, रक्ताचा प्रवाह मोजतं. मत्सर कमी झाला का, हे ते मोजत नाही. जप केल्याने शरीर शांत होतं एवढं या कामातून दिसतं. त्यावरून 'विज्ञानाने मोक्ष सिद्ध केला' असं म्हणणं विज्ञानावर अन्याय आहे आणि मोक्षावरही.

मग कोणताही शब्द चालेल का?

हा सगळ्यांत रास्त आक्षेप. हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये हेच मांडलं होतं: एखादा साधा शब्द, अगदी 'वन'सुद्धा, स्वस्थ बसून पुन्हा पुन्हा म्हटला तरी शरीर विसावतं. माझं उत्तर असं की विसाव्यापुरतं बोलायचं असेल तर हो, चालेल. रात्री झोप लागत नाही म्हणून कुणी 'एक' म्हणत पडलं तर त्यात काही वाईट नाही.

पण आध्यात्मिक वाढ हा विषय असेल तर सूत्राचा दुसरा पाय टेकावा लागतो. अर्थभावना म्हणजे शब्दकोशातला अर्थ माहीत असणं नव्हे. ज्याचं नाव घेतो त्याच्याशी आपलं काही नातं आहे आणि ते नातं आठवत राहणं, ही भावना. आईचं नाव घेताना कुणी त्या अक्षरांचा अर्थ लावत बसत नाही, आई समोर येते. जनाबाई दळता-कांडता नाम घेत होती ते काम हलकं व्हावं म्हणून नव्हे. विठ्ठल आपल्याबरोबर जात्याला हात लावतो असा तिचा भाव होता. ज्याला सगुण देव मानवत नाही त्याने ॐकारासोबत 'सर्वांत एकच चैतन्य आहे' हे धरावं. भाव कोणताही असो, तो आपल्याला आपल्यापेक्षा मोठ्या कशाशी तरी जोडणारा हवा. तो नसेल तर आवृत्ती मनाला शांत करते, पण 'मी'ला हात लावत नाही. शांत झालेला अहंकारही अहंकारच असतो.

सूर्य ॐ म्हणतो, ४३२ हर्ट्झ, वगैरे

'नासाने सूर्याचा आवाज टिपला आणि तो ॐ आहे' हा व्हिडिओ २०२० च्या सुरुवातीला घरोघरी पोचला होता आणि अजून फिरतो. सूर्याच्या पृष्ठभागावर कंपनं होतात हे खरं. ती मोजून, हजारो पटींनी वेगवान करून, कानाला ऐकू येईल अशा ध्वनीत बदलण्याचं काम शास्त्रज्ञांनी केलं हेही खरं. पण ती एक घरघर आहे, ॐ नव्हे, आणि मधल्या पोकळीतून आवाज आपल्यापर्यंत येतही नाही. तसंच अमुक हर्ट्झला मंत्र ऐकला तर अमुक आजार जातो या दाव्यांना आधार नाही.

मला यात दुःख एवढ्याचंच होतं की जपाला या कुबड्यांची गरज नाही. उपनिषदांनी ॐकाराचा विचार केला तो जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यापलीकडची चौथी अवस्था यांच्या अंगाने. तो विचार खूप खोल आहे आणि तो वाचायला मिळावा असं वाटतं. व्हिडिओ पुढे पाठवताना मांडूक्य उपनिषद मागेच राहून जातं. त्याचे मंत्र फक्त बारा आहेत.

उच्चार चुकला तर? गुरू नसेल तर?

याचं उत्तर मंत्राच्या जातीवर अवलंबून आहे, आणि सगळे मंत्र एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे लोक विनाकारण घाबरतात.

वैदिक मंत्रांत उदात्त, अनुदात्त, स्वरित असे स्वर असतात. तैत्तिरीय संहितेत त्वष्ट्याची कथा आहे. त्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता, पण 'इन्द्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकला, अर्थ उलटला आणि इंद्रच त्या पुत्राचा मारेकरी ठरला. ही परंपरा तोंडी टिकली ती याच काटेकोरपणामुळे. युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठणाला मानवतेचा वारसा म्हणून मान दिला तोही यासाठीच. म्हणून वैदिक मंत्र शिकलेल्या माणसाकडूनच घ्यावेत. बीजमंत्रांचंही तेच. त्यांचा विधी आणि संदर्भ सांगणारं कुणी नसेल तर इंटरनेटवरून उचलून ते सुरू करू नयेत.

नामाचं तसं नाही. 'मरा मरा' म्हणत वाल्याचा वाल्मीकी झाला ही कथा उच्चाराच्या भीतीला दिलेलं उत्तरच आहे. भागवतातला अजामिळ मरताना मुलाला हाक मारतो, 'नारायणा!', आणि तरतो. गुरूचं म्हणाल तर तुकोबांनी आपल्या अभंगात सांगितलं आहे की बाबाजींनी माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, त्यांना 'राम कृष्ण हरी' हा मंत्र दिला, आणि तो उपदेश स्वप्नात झाला. तुकोबांनी तो लपवून ठेवला नाही. आज महाराष्ट्रात तो कीर्तनात, भजनात, फोनवर 'हॅलो'च्या जागीही म्हटला जातो. ज्याला गुरू लाभला त्याने त्याच्या शब्दाप्रमाणे चालावं. ज्याला लाभला नाही त्याच्यासाठी नामाचं दार उघडंच आहे.

या उघड्या दाराचं महत्त्व आज चटकन जाणवत नाही. गायत्रीचा अधिकार उपनयनाला बांधलेला होता. म्हणजे बायका बाहेर आणि समाजाचा मोठा भाग बाहेर. नामाला कुणाची परवानगी लागत नव्हती. तेरचा गोरा कुंभार, अरणचा सावता माळी, सेना न्हावी, दासी जनाबाई, मंगळवेढ्याचा चोखामेळा यांच्यासाठी अध्यात्माची दुसरी कुठली वाट खुली नव्हती, तेव्हा ही होती.

किती जप करायचा?

जुन्या पुरश्चरणाचा, म्हणजे ठरावीक संख्येचा जप नेमाने पुरा करण्याच्या विधीचा, हिशोब मंत्राच्या अक्षरामागे लाख असा धरतात. गायत्रीची अक्षरं २४, म्हणून २४ लाख. रोज दहा माळा, म्हणजे १०८० जप, धरले तरी त्याला सहा वर्षांहून अधिक लागतात. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत तेरा अक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला असं परंपरा सांगते.

हे आकडे ऐकून दोन गोष्टी होतात. कुणी आधीच हात टेकतो, तर कुणी आकड्याच्याच मागे लागतो. संख्येचा खरा उपयोग वेगळा आहे. आज मन लागतंय म्हणून दोन तास आणि उद्या लागत नाही म्हणून शून्य, असं होऊ नये यासाठी ती आहे. नेम मनाच्या लहरीच्या वर ठेवायची ती युक्ती आहे. रोज एक किंवा तीन माळा, पण पाहुणे आले तरी, ताप नसेल तर प्रवासातसुद्धा. बसण्याची वेळ आणि जागा ठरलेली असावी. सुरुवात मोठ्याने करावी, पाचेक मिनिटांनी आवाज ओठांत आणावा आणि माळ संपल्यावर लगेच उठू नये. दोन-तीन मिनिटं काहीही न म्हणता बसावं. जपानंतरची ही शांतता बहुतेक जण घाईत गमावतात.

ही पळवाट नाही का?

जग जळत असताना डोळे मिटून नाम घेत बसायचं, ही टीका जुनी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. चोखोबांचंच पाहा. आयुष्यभर विठ्ठलाचं नाम घेतलं, पण मंदिरात पाऊल ठेवता आलं नाही. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. पंढरपूरचं मंदिर दलितांसाठी खुलं व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. मधल्या सहाशे वर्षांत त्या देवळात नामजप काही थांबलेला नव्हता.

म्हणून मी असं मानत नाही की जप वाढला की समाज आपोआप सुधारतो. अर्थभावना सुटली तर माळ ओढतच माणूस शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवू शकतो, हे आपण शतकानुशतकं केलं आहे. पण उपोषणाला बसलेले गुरुजी त्याच भक्तिपरंपरेत वाढले होते, हेही विसरता येत नाही. नाम ज्याच्या आत उतरतं त्याला दाराबाहेरचा माणूस दिसू लागतो. उतरलं नाही तर दिसत नाही.

कुणी जपून राहावं

रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या जपासाठी बंद करू नयेत. पतंजलींनी आजारपणाला अडथळ्यांत पहिलं स्थान दिलं आहे, तेव्हा त्याचा इलाज करणं हा साधनेचाच भाग समजावा. डोळे मिटून बसल्यावर काहींना फार अस्वस्थ वाटतं, जुने घाव वर येतात. त्यांनी डोळे उघडे ठेवून, चालता चालता किंवा चारजणांत बसून जप करावा. आणि एक माळ चुकली तर काहीतरी वाईट घडेल अशी धास्ती वाटू लागली, मोजणी सुटत नाही, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून करावंसं वाटतं असं झालं, तर तो भक्तीचा उत्कर्ष नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं, त्यात कमीपणा काही नाही.

भोपळा कधी सोडायचा?

पोहता आलं की भोपळा काढतात. तसा मंत्रही एक दिवस सोडायचा का? इथे परंपरांमध्ये खरा मतभेद आहे. योगसूत्रांच्या वाटेने गेलं तर शेवटी चित्तातल्या सगळ्या वृत्ती, म्हणजे मनात उठणाऱ्या लाटा, निवतात, आणि मंत्र हीसुद्धा एक वृत्तीच. वारकरी मात्र हे मान्य करणार नाहीत. त्यांच्या लेखी नाम हे साधनही आहे आणि साध्यही. नाम आणि नामी, म्हणजे ज्याचं ते नाव तो, वेगळे नाहीत, मग सोडायचं काय आणि पोचायचं कुठे? मोक्ष नको, पुन्हा जन्म दे पण नाम दे, असं तुकोबा निःशंकपणे मागतात. माझा ओढा दुसऱ्या मताकडे आहे. पण मुक्कामाबद्दल भांडणाऱ्या या दोन्ही परंपरांत सुरुवातीच्या पायऱ्यांबद्दल फारसं भांडण नाही, आणि आपण बहुतेक सगळे तिथेच असतो.

वाढ होते आहे हे कसं ओळखायचं?

जपात प्रकाश दिसला, घंटा ऐकू आली, स्वप्नात महाराज आले, असं सांगणारे भेटतात. ते खोटं बोलतात असं नाही. पण नऊ अडथळ्यांतला सातवा आठवावा: भ्रांतिदर्शन, म्हणजे जे नाही ते आहे असं वाटणं. पतंजलींनी ते अडथळ्यांच्या रांगेत बसवलं आहे. दृश्य आलं तर येऊ द्यावं, त्याची जाहिरात करू नये आणि पुढच्या मण्यावर जावं.

पाहायच्या गोष्टी साध्या असतात. कालच्यापेक्षा आळस कमी आहे का? ठरवलेलं काम अर्ध्यावर सुटतं ते प्रमाण उतरलं का? राग आला की पहिलं वाक्य तोंडातून सुटायच्या आत आपल्याला तो राग दिसतो का? कुणाचं बरं झालेलं ऐकलं की पोटात दुखतं ते पूर्वीइतकंच दुखतं का? या प्रश्नांची उत्तरं स्वतःपेक्षा बायको-नवरा, सून किंवा हाताखालचा माणूस जास्त खरी देईल. आणि उत्तर 'अजून नाही' असं आलं तर पहिल्या पादातलं चौदावं सूत्र आहे: दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केलेला अभ्यासच पक्का होतो. दीर्घकाळ म्हणजे किती वर्षं, हे त्यात सांगितलेलं नाही.